चढावरच्या गोष्टी

फिदेलिया तार्की सागार्नागा रस्त्याच्या चढावर तिसऱ्यांदा थांबली आणि समोरच्या एका बंद दाराकडे बोट दाखवून गोष्ट सांगू लागली. त्या दारात सांगण्यासारखं खरं तर काही नव्हतं. रंग उडालेलं साधं लाकडी दार, कडीला गंजकं कुलूप. पण डोंगरात साडेतीन हजार मीटरवर वसलेल्या ला पाझ शहरात बावीस वर्षं पर्यटकांना फिरवल्यावर कुठल्याही दारावर चार मिनिटं बोलता येतं, आणि चार मिनिटांत धाप खाली बसते.

पूर्वी सान फ्रान्सिस्कोच्या चौकातून बाजारापर्यंत चढताना ती एकदाच थांबायची, तेही लोकांसाठी. वर्षभरात थांबे सहा झाले होते आणि प्रत्येक थांब्याला एक गोष्ट चिकटली होती. लोक खूश व्हायचे. बाईंना किती माहिती आहे, म्हणायचे. एजन्सीचा मालक रोलांदो सगळ्यांसारखंच तिला आदरानं दोन्या म्हणायचा, पण तो घड्याळ बघणारा माणूस. "दोन्या फिदे, चार तासांची फेरी तुम्ही साडेपाच तासांवर नेलीत," तो म्हणाला होता. "कोणी तक्रार करत नाही म्हणून मी गप्प आहे."

तीही गप्पच होती. दोन आठवड्यांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्ताचा कागद दोनदा वाचला होता आणि चष्मा काढून ठेवला होता.

"काकवीसारखं झालंय तुमचं रक्त. डोकं दुखतं ना? झोप लागत नाही? कान वाजतात?"

"वाजतात. मला वाटलं वयाचं आहे."

"उंचीचं आहे. इथे जन्मलेल्यांनाही होतं. थोडं रक्त काढून घेऊ, त्यानं महिना-दोन महिने बरं वाटेल. पण खरं औषध एकच, दोन्या. खाली उतरा."

"किती दिवस?"

"दिवस नाही हो. राहायलाच जा."

फिदेलिया घरी आली, बटाटे उकडले, मीठ लावून खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कामावर हजर झाली. चोपन्न वर्षांची बाई, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. खाली कोचाबाम्बाला धाकटी बहीण निल्दा होती, ती वर्षानुवर्षं ये ये म्हणत होती. हजार मीटर खाली. बसनं एक रात्र.

आजची गिऱ्हाइकं दोनच होती, अर्जेंटिनातल्या रोसारियोहून आलेले बाप-लेक. बाप ओस्वाल्दो बेनिन्कासा, एकाहत्तर वर्षांचा, उंचापुरा, आयुष्यभर लोकांना पोहायला शिकवत आलेला माणूस. मुलगी ग्रासिएला चाळिशी ओलांडलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दोघं आदल्या संध्याकाळीच विमानानं उतरले होते. फिदेलियानं हॉटेलात फोन करून नेहमीचं सगळं सांगितलं होतं: पहिला दिवस लोळून काढा, कोकाच्या पानांचा चहा घ्या, रात्री सूपावर भागवा, दारू नको, जिना चढताना म्हाताऱ्यासारखे चढा.

"म्हाताऱ्यासारखे!" ओस्वाल्दो सकाळी भेटल्या भेटल्या हसला होता. "मी काल मस्तपैकी मांस खाल्लं, दोन ग्लास वाइन घेतली आणि लाकडासारखा झोपलो. माझी फुफ्फुसं बघा जरा."

"पप्पा, ती दाखवायची वस्तू नाही," ग्रासिएला म्हणाली.

आता तो चढावर पुढे पंधरा पावलं उभा राहून वाट बघत होता. "काय हो बाई, तुमच्याच गावात तुम्ही मागे?"

"गाव माझं आहे ना, मला घाई कसली," फिदेलिया म्हणाली. "टोपी घाला. ऊन थंड लागतं, पण संध्याकाळपर्यंत नाक सोलून निघेल."

त्यानं टोपी घातली नाही.

दहा वाजता तिनं त्यांना एका टपरीवर साल्तेन्या, म्हणजे मांसाच्या भाजक्या करंज्या, खायला घातल्या. आत रस्सा असतो तेव्हा आधी एका टोकाला चावा, रस्सा ओढून घ्या, मग बाकीचं खा, हे तिनं सांगितलं. ग्रासिएलानं तसं केलं. ओस्वाल्दोनं मधोमध चावा घेतला आणि रस्सा कोपरापर्यंत ओघळला. टपरीवाला मागे वळून हसला. फिदेलियानं कागद पुढे केला. वीस वर्षांपूर्वी तीही हसली असती.

बाजारात प्रिमा होती. प्रिमा संत्र्याचा रस विकायची, आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं जगात तिला एकटीलाच माहीत होतं. डोक्यावर गोल टोपी, अंगावर पाच घागरे, हात सतत चालू.

"आलीस? आज किती दारं झाली?"

"तीन."

"परवा पाच होती. सुधारलीस की! मर तिकडे चढावरच, मी फुलं घेऊन येईन."

एवढ्यात ओस्वाल्दोनं प्रिमाचा फोटो काढला. न विचारता. प्रिमानं बादलीतला ओला फडका झटकला तो बरोबर त्याच्या कॅमेऱ्यावर.

"मी काय पुतळा आहे का? फोटो पाहिजे तर आधी रस पी, मग विचार, मग काढ!"

ओस्वाल्दो गोंधळला, मग त्यानं तीन ग्लास मागवले. हे एक सांगायचं फिदेलिया विसरली होती. बायकांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, हे ती चौकातच सांगायची, रोज. आज कसं राहिलं, तिला कळेना. डोक्यात मागच्या बाजूला ठोके पडत होते.

रस पिताना ग्रासिएलानं विचारलं, "आता कुठे?"

एजन्सीच्या फेरीच्या कागदावर लिहिलं होतं रोपवेनं एल आल्तो. एल आल्तो म्हणजे आणखी चारशे-पाचशे मीटर वर. काल संध्याकाळी समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाला आज तिथे न्यायचं नसतं, तिसऱ्या दिवशी न्यायचं असतं. ही गोष्ट फिदेलिया झोपेतही सांगू शकली असती. तिनं तोंड उघडलंही होतं.

"वरून सगळं शहर दिसतं म्हणे," ओस्वाल्दो म्हणाला. "मला तेच बघायचंय. बाजार काय, सगळीकडे असतात."

आणि रोपवेच्या डब्यात बसायला मिळतं. दहा मिनिटं, काचेला डोकं टेकून. फिदेलियाच्या मनात आलं ते एवढंच.

"चला," ती म्हणाली.

डब्यात ती बसली आणि तिनं डोळे मिटले. खाली कबरस्तान गेलं, विटांची घरं गेली, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे गेले. एरवी ती इथे इयिमानी डोंगराबद्दल बोलायची. आज बोलली नाही आणि कोणी विचारलंही नाही.

वर पोचल्यावर ओस्वाल्दो कठड्यापर्यंत ताठ चालत गेला. शहराकडे बघत म्हणाला, "वा." मग म्हणाला, "डोकं धरलंय जरा." मग तो कठड्याला धरून वाकला आणि सकाळचं सगळं उलटून पडलं. उभा राहिला तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता आणि पावलं वाकडी पडत होती.

"पप्पा! बाई, काय होतंय त्यांना?"

"उंची लागली. धरा तिकडून. आता एक मिनिटही इथे थांबायचं नाही."

एका बाजूनं मुलगी, दुसऱ्या बाजूनं फिदेलिया. त्याचं ओझं खांद्यावर आल्यावर तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण ती चालत राहिली. हॉटेलवर डॉक्टर आला, त्यानं प्राणवायू लावला, नाडी बघितली आणि सांगितलं की आजच्या आज खाली हलवा, दरीतल्या मेकापाका गावी न्या, तिथे बगिच्याचं लॉज आहे, दोन दिवस राहिले की बरे होतील. पुढचा तितिकाका सरोवराचा बेत रद्द.

"मी जाणार नाही," ओस्वाल्दो नळीतून म्हणाला. "एकाहत्तर वर्षांत कधी अर्ध्यातून परत फिरलो नाही."

ग्रासिएला भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे पाहून वाटत होतं, तिचं म्हणणं केव्हाच संपलंय.

फिदेलिया पलंगाच्या कडेला बसली. "मीपण नाही फिरले कधी," ती म्हणाली. "माझे ओठ बघा, जांभळे पडलेत. सगळे म्हणतात, काय छान लाली आहे दोन्या तुमच्या चेहऱ्यावर. ती लाली नाही. माझं रक्त नासलंय या उंचीनं. डॉक्टरीणबाई म्हणतात खाली जा, आणि मी दोन आठवडे तुमच्यासारखीच तोंड फिरवून बसलेय. तुम्हाला निदान दोनच दिवस जायचंय. उठा."

तो बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्यानं बुटांसाठी हात पुढे केला.

टॅक्सी वळणावळणानं दरीत उतरली. तांबड्या मातीचे कडे मागे पडले, हवा उबदार झाली, मक्याची शेतं दिसू लागली. मेकापाकाच्या लॉजवर ओस्वाल्दोला खाटेवर निजवलं. फिदेलिया अंगणात झाडाखालच्या वेताच्या खुर्चीत बसली, पाच मिनिटं बसू म्हणून.

तिला जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. अंगावर कोणीतरी शाल टाकली होती. आधी तिला कळेना काय वेगळं आहे. मग कळलं, कान वाजत नव्हते.

"तीन तास झोपलात," शेजारी बसलेली ग्रासिएला म्हणाली. "घोरत होतात. पप्पांनीसुद्धा ऐकलं."

"कसे आहेत?"

"सूप मागतायत. म्हणजे बरे आहेत."

फिदेलियानं शालीची घडी केली, ती परत मोडली. "एक सांगायचंय. आज त्यांना वर न्यायला नको होतं. मला माहीत होतं. पण मला बसायचं होतं, म्हणून नेलं."

फिदेलियाला वाटलं, आता रोलांदोला फोन जाणार. गेला तरी तिचं काही म्हणणं नव्हतं.

"मीही अडवू शकले असते," ग्रासिएला म्हणाली. "तुमचा कालचा फोन मीच घेतला होता. सगळं लिहूनही घेतलं होतं. पण चार वर्षं मी त्यांना नको म्हणतेय, हे खाऊ नका, तिकडे जाऊ नका. म्हटलं, आज दुसरं कोणीतरी म्हणू दे." तिनं चेहरा दोन्ही हातांनी चोळला. "मलाही बसायचंच होतं हो."

दोघी मग बसूनच राहिल्या. आत म्हातारा सूपात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होता. कोणी उठलं नाही.

"मग तुम्ही जाणार का खाली?" थोड्या वेळानं ग्रासिएलानं विचारलं.

"खाली मला कोण ओळखतं? इथे मी मुकादमासारखी हिंडते. तिथे निल्दाच्या स्वयंपाकघरात कांदे चिरीन."

"कांदे बसून चिरता येतात."

फिदेलियाला हसू आलं, पण हसायला लागल्यावर डोळेही भरून आले, आणि ते पुसायचाही तिला कंटाळा आला.

रोलांदोला तिनं आठवड्यानं स्वतःच सांगितलं, एल आल्तोच्या चुकीसकट. तो आधी चिडला, मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मग आधी बोलायचं ना, दोन्या. मी तुम्हाला घड्याळ दाखवत बसलो." जाण्याआधी त्यानं तिच्याकडून सगळ्या सूचना लिहून घेतल्या. पर्स पोटावर ठेवा, टॅक्सी हॉटेलातूनच बोलवा, सुटे पैसे वेगळ्या खिशात. एल आल्तो तिसऱ्या दिवशी, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी. ही ओळ तिनं त्याला दोनदा लिहायला लावली. दारांच्या गोष्टी लिहायला घेतल्या तेव्हा मात्र ती म्हणाली, "त्या राहू द्या. नव्या माणसाला दम असेल."

ऑक्टोबरात ती दोन बोचकी घेऊन बसमध्ये बसली. प्रिमा सोडायला आली होती. तिनं शिव्या दिल्या, रस दिला, आणि बस सुटायच्या आधीच निघून गेली.

कोचाबाम्बात पहिला महिना फिदेलिया नुसती झोपली. निल्दा दारातून डोकावून श्वास चालू आहे का बघायची. दुसऱ्या महिन्यात ओठांचा जांभळेपणा उतरला. तिसऱ्या महिन्यात ती एकटी बाजारात गेली, सपाट रस्त्यानं, कुठेही न थांबता, आणि परत येताना दोन गल्ल्या चुकली. एका लेकुरवाळ्या बाईनं तिला घरापर्यंत आणून सोडलं. गावात नवीन का, तिनं विचारलं. हो, फिदेलिया म्हणाली.

त्या संध्याकाळी प्रिमाचा फोन आला.

"जिवंत आहेस का गं?"

"आहे. डोकं दुखत नाही आता."

"मग? बरं वाटतंय ना?"

फिदेलियानं खिडकीबाहेर पाहिलं. निल्दाचं कुत्रं अंगणात पसरलं होतं. कुठे चढ नव्हता.

"शरीराला वाटतंय," ती म्हणाली. "बाकीचं अजून बसमध्येच आहे. येईल हळूहळू."