बंद न होणारे दिवे

मारुतराव पुन्हा गाडी घेऊन दारात आले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. हे केंदूरचे टॅक्सीवाले. माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान कोरेगावला, हायवेवर.

"भैरू, इंजिन बंद केलं तरी म्होरचे दिवे चालूच ऱ्हात्यात. सकाळी ब्याटरी उतरलेली."

"आबा, दिव्यांना करंट ब्याटरीतनं सरळ येतो, चावीचा संबंध न्हाई. बटण आत दाबायचं ऱ्हायलं असंल."

"मला शिकवतो व्हय? दाबतो मी!"

बटण मी आधीच बदललं होतं, वायरीसुद्धा. दुकानात दिवे मुकाट बंद होत. पण त्यांना हाकलवेना. कुशाबाई, त्यांची बायको, दिवाळीआधी गेली. तेव्हापासून गावात या माणसाला गाडीशिवाय कुणी नव्हतं. आणि पिंपरीला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं, पोपटनं, बजावलं होतं: दोष निघाला नाही तर रविवारी गाडी विकायची आणि आबांनी पिंपरीला यायचं. आबांना तिकडं जायचं नव्हतं.

शेवटी दुकान बंद करून मीच त्यांच्याबरोबर निघालो. त्यांच्या वस्तीवर पोचलो तर दिवस मावळलेला. मारुतरावांनी इंजिन बंद केलं. दिव्यांचा उजेड घराच्या बंद दारावर पडला होता. ते दाराकडं बघत राहिले, बोट बटणावर.

"दाबा की!"

"दाबलं की."

दाबलं नव्हतं. म्हातारा माझी थट्टा करतोय, असं वाटून मी भडकलो. म्हटलं, आता बॉनेट उघडून याचा निकालच लावतो. उजेड हवा म्हणून तणतणत कडी काढून घरात गेलो, खुंटीवरचा कंदील पेटवला आणि उंबऱ्यात आलो.

खट्. दिवे बंद झाले.

"झाले की बंद!" मी ओरडलो. जवळ जाऊन पाहिलं तर मारुतराव कंदिलाकडंच बघत होते.

"कुशी अशीच यायची," ते म्हणाले. "गाडीचा आवाज आला की कंदील घेऊन दारात. ती दिसली की मी दिवे बंद करायचो."

मला फार वाईट वाटलं. मी कंदील खाली ठेवला.

"पोपटला निरोप धाड," गाडीतनं उतरून ते म्हणाले. "गाडी इक म्हनावं."

"अहो आबा, दोष तर कळला. आता ठेवा की गाडी."

"कळला म्हनूनच," ते म्हणाले. "आता कुनाची वाट बघत बसू?"