जनीच्या बावेवरचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मांडवीच्या खाडीकाठी एका विहिरीजवळ, म्हणजे आमच्या बावेजवळ, पालथा पडलो आहे. नाक मुरडू नका. हा घासलेटाचा वास माझ्या कपाळी दोनदा आला.

मी बनलो घासलेट भरायला. रिकामा झालो तेव्हा मासळी विकणाऱ्या जनीने माझ्या तोंडाचा पत्रा कापून आडवी दांडी ठोकली. दोन वर्षं तिने मला राखेने, चिंचेने घासलं. रोज तोंडाशी नाक लावून बघायची. एके दिवशी म्हणाली, "गेला बाय एकदाचा वास!" त्या दिवसापासून मी घरात पिण्याच्या पाण्याचा झालो. तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

१९३४च्या चैत्रातली अमावास्या. धक्क्यावरून टाकीकडे घासलेट नेणारा लोखंडी नळ बावेपासून शंभर पावलांवर फुटला. रखवालदार आत्माराम नळ बंद करायची चावी फिरवून रडकुंडीला आला. घासलेटाच्या नळाची चावी, पण तिला थेंबभर तेल कधी मिळालं नव्हतं! ती हलेना, तसा तो पंप बंद करायला धक्क्याकडे धावला. तोवर खाडीवर तवंग पसरला होता आणि भरती चढत होती. उधाणाचं पाणी बावेच्या काठाला लागतं. वाडीला गोड्या पाण्याची दुसरी बाव नव्हती.

शेजारच्या मोहल्ल्यातला हुसेन तांडेल ओरडत आला, "चुली विझवा! पेंढा आणा!" बायकांनी बावेभोवती चिखलाचा बांध घातला, बाहेरून पेंढा लावला. तरी तेल बांधाला येऊन भिडलं. ते उपसायला भांडी पुरेनात.

"जने, डबा दे!" हुसेन म्हणाला.

जनीने मला पोटाशी धरलं. "ह्यो पाण्याचा हाय रे. आता वास धरला तर जायाचा नाय."

"बावच गेली तर डब्यात काय भरशील?"

जनी स्वतःच कमरभर पाण्यात उतरली. तिने मला तवंगात बुडवलं तेव्हा माझं काळीज फाटलं. उपसायचं, लांब खड्ड्यात ओतायचं, पुन्हा धावायचं. बांध दोनदा खचला. तिच्या हातांची सालं निघाली. बांध बुडायला चार बोटं उरली तेव्हा कुठे भरती थांबली.

बाव वाचली. जनीने पहिलं पाणी हुंगलं, प्यायली आणि मटकन बसून रडली. मग तिने मला हुंगलं. उठून राख घेतली.

पुढे वर्षभर ती मला घासत राहिली. वास गेला नाही; घासून घासून तळाला भोक मात्र पडलं.

मित्रांनो, तिथे आता नवा नळ आहे. त्याच्या चावीवर गंज चढताना मी रोज पाहतो. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत. त्या चावीला थोडं तेल द्या.