तीन किल्ल्यांचं कुलूप

मी तळ्याच्या बांधावरचं कुलूप बोलतोय. कुलपाने तोंड उघडलं म्हणजे काहीतरी बिघडलं असणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. बिघडलं आहे, पण माझ्यात नाही. माझी कडी अजून घट्ट आहे, खटका आवाज करून बसतो. तळ्याकडे मात्र बघवत नाही.

माझा जन्म बाजारामागच्या गल्लीत, एका म्हाताऱ्या कुलूपवाल्याच्या दुकानात झाला. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाने बाहेर यायचं. एक दिवस तिथे तीन माणसं एकत्र आली. एक कापड रंगवणाऱ्या कारखान्याचा मॅनेजर, दुसरे पाणीपुरवठा खात्याचे साहेब आणि तिसरी तळ्याकाठच्या वस्तीत रोपं विकणारी मावशी. तिघांच्या किल्ल्या एकाच वेळी लागल्याशिवाय उघडणार नाही, असं कुलूप त्यांना हवं होतं.

"एकमेकांवर एवढा अविश्वास?" म्हाताऱ्याने विचारलं.

"अविश्वास कसला? भागीदारी आहे ही," साहेब म्हणाले.

"नाव काहीही ठेवा, कुलूप तेच लागणार," म्हणत म्हाताऱ्याने कानस उचलली.

भागीदारीची वेळ का आली तेही सांगतो. तळं एक आणि वाटेकरी तीन. कारखाना रंगकामासाठी पाणी ओढायचा, खातं शहराच्या टाकीसाठी ओढायचं आणि वस्तीतल्या विहिरी तळ्याच्या झिरप्यावर जगायच्या. पाणी कमी झालं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. एका उन्हाळ्यात तळ्याचा तळ दिसला आणि भांडण हातघाईवर आलं. कारखान्याच्या चौकीच्या काचा फुटल्या, वस्तीतल्या दोघातिघांची डोकी फुटली. मग सगळ्यांना शहाणपण सुचलं.

ठरलं ते असं. बांधावरच्या खोलीत पाणी सोडायचं मोठं चाक आहे. ते साखळीने बांधायचं आणि साखळीला मला घालायचं. दर सोमवारी तिघांनी जातीने यायचं. आधी तळ्याच्या पायऱ्या बघायच्या. त्यातली एक पायरी लाल रंगवलेली होती. पाणी तिच्या वर असलं तर मला उघडून चाक फिरवायचं. खाली असलं तर कारखाना असो नाहीतर शहर, चाकाला कुणी हात लावायचा नाही.

सुरुवातीची वर्षं खरंच चांगली गेली. मॅनेजर थर्मासमधून चहा आणायचा. साहेब चिखलात बूट भरले म्हणून कुरकुरायचे आणि मावशी त्यांना म्हणायची, "पाण्याच्या खात्यात नोकरी करता आणि चिखलाला घाबरता?" मग तिघंही हसायची.

एकदा पाणी लाल पायरीच्या खाली गेलं. मॅनेजर काकुळतीला आला. "मावशी, मोठी ऑर्डर आहे हो. आजच्या दिवस सोडू या."

"तुमची ऑर्डर पुढच्या महिन्यात परत येईल. तळं फोन केला म्हणून भरत नाही," मावशी म्हणाली. साहेबांनीही मान हलवली. मॅनेजर तोंड पाडून गेला, पण गेला. तळं त्या वर्षी वाचलं. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटायचा. मूर्ख होतो मी. पाणी मी राखतोय असं मला वाटत होतं. राखत होती ती तिघांची सोमवारची खेप.

मग साहेबांची बदली झाली. नवे साहेब एकदाच आले. दुसऱ्या सोमवारी त्यांनी ड्रायव्हरबरोबर किल्ली पाठवली आणि निरोप दिला, की मीटिंग आहे, किल्ली बांधावरच्या वॉचमनकडेच राहू द्या. मॅनेजरने ते बघितलं आणि त्यालाही कामं आठवली. दोन्ही किल्ल्या बांधावरच्या वॉचमनच्या चौकीतल्या एका खिळ्यावर लटकू लागल्या. मावशी मात्र गळ्यातल्या दोरीला किल्ली बांधून येतच राहिली.

"मावशी, तुमचीपण ठेवा की इथेच. उगाच कशाला खेपा घालता?" वॉचमन म्हणायचा.

"खेपा घालाव्या लागाव्यात म्हणूनच तर तीन किल्ल्या केल्यात, बाबा."

लाल पायरी उघडी पडली की ती किल्ली काढायचीच नाही. कारखान्यातून फोनवर फोन यायचे. मावशी ओट्यावर बसून राहायची आणि वॉचमन कपाळाला हात लावायचा.

तिला हलवलं ते शेवटी घरच्यांनी. तिचा जावई त्याच कारखान्यात कामाला लागला होता. एका सोमवारी तिची मुलगीच तिच्यामागून बांधावर आली.

"आई, ह्यांना सुपरवायझर सगळ्यांदेखत विचारतो, आज सासूबाईंची मर्जी आहे का? नोकरी पक्की व्हायची वेळ आलीय. सगळ्या जगाचं पाणी तूच सांभाळायला हवंस का?"

मावशीने वाद घातला नाही. तिने तळ्याकडे बघितलं, मग लेकीकडे. दोरीची गाठ सुटेना, म्हणून दातांनी सोडवली. किल्ली वॉचमनच्या हातावर ठेवताना एवढंच म्हणाली, "पायरी बघत जा हं."

"बघतो की," तो म्हणाला. सुरुवातीला बघतही होता. नंतर फोन आला की चाक फिरवायचं, एवढंच उरलं. कुलपाला किल्ली कळते, हात कळत नाही. तिन्ही किल्ल्या खऱ्या होत्या. मी उघडत गेलो.

सगळे खूष झाले. कारखान्यात तिसरी पाळी सुरू झाली. शहरातल्या नळांना भरपूर पाणी आलं, तक्रारी थांबल्या, साहेबांचं कौतुक झालं. जावयाची नोकरी पक्की झाली. लाल पायरीवर बकऱ्या बसायला लागल्या तरी कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

मग मावशीच्या विहिरीने गाळ दिला. ती तरातरा बांधावर आली. "माझी किल्ली दे."

"तुमचीच आहे, मावशी. पण आता ती चौकीच्या सामानात धरलीय. मला देता येत नाही. मॅनेजरसाहेबांना विचारा."

मॅनेजर म्हणाला, खात्याला विचारा. खातं म्हणालं, किल्ली तुम्ही स्वखुशीने दिलीत. इकडून तिकडे टोलवून टोलवून त्यांनी तिला दमवलं. तोवर पिशव्यांतली तिची रोपं माना टाकत होती. वस्तीतल्यांनी प्यायच्या पाण्यातलं तांब्या तांब्या पाणी दिलं, पण तांब्याने बाग जगते का? नवऱ्यामागे तिने याच रोपांवर घर चालवलं होतं. वॉचमन हे सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला हळहळून सांगायचा आणि फोन वाजला की उठून चाक फिरवायचा.

तळं आटलं तेव्हा चौकशी आली. एका अधिकाऱ्याने मला दोन हिसके दिले, उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, "कुलूप शाबूत आहे. तिघांच्या किल्ल्यांशिवाय ते उघडत नाही. म्हणजे जे झालं ते तिघांच्या संमतीनेच झालं." साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मॅनेजरने मान डोलावली. मला त्या क्षणी तुटून पडावंसं वाटलं. ज्यांच्यावर नजर ठेवायला मला घडवलं, त्यांच्याच बाजूने मी साक्षीदार झालो होतो.

आता म्हणे पाच किल्ल्यांचं कुलूप करणार आहेत. मला भंगारात काढा, माझी तक्रार नाही. पण त्या नव्या कुलपाला पाच भोकं पाडण्याआधी सोमवारी पाच माणसं येणार आहेत का, तेवढं विचारून घ्या. येणार असतील तर चाकाला सुतळी बांधली तरी पुरे. येणार नसतील तर निदान लोखंड तरी वाया घालवू नका.

परवा ते ठरवायला सगळे बांधावर जमले होते. मावशीलाही बोलावलं होतं. साहेब अगदी आदराने म्हणाले, "पहिली किल्ली तुमच्याकडेच द्यायची ठरवलीय."

"मला नको," मावशी म्हणाली.

"अहो, असं कसं? तुमचा हक्क आहे तो."

"विहीर बुजवली मी. रोपं जळाली. पाणी लागेल असं माझ्याकडे काही उरलं नाही, साहेब. आता मी सांभाळू काय?"

मॅनेजर पायाखाली बघत राहिला. त्याच्याही कारखान्याला पाण्यावाचून टाळं लागलं होतं आणि मावशीचा जावई घरी बसला होता.

मावशी पायऱ्या उतरली. तळ्याच्या पलीकडे तिचं घर. बांधावरून गेलं तर लांबचा वळसा पडतो. ती सरळ तळ्यातून चालत घरी गेली आणि तिच्या चपलासुद्धा ओल्या झाल्या नाहीत.