आबांच्या हृदयातला मिठाचा राखणदार

मित्रांनो, मला कोणी पाहिलेले नाही. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात, तेव्हा मी त्यांच्या अगदी जवळ असतो, पण माझा आवाज होत नाही. चोपड्याजवळच्या गावातले कौतिक आबा, त्यांचे हृदय, आणि त्या हृदयातली एक पेशी, एवढा माझा पत्ता. मी एक प्रथिन आहे. शास्त्रज्ञ मला केंद्रकीय ग्राही म्हणतात. नाव जड असले तरी काम साधे आहे. रक्तातून निरोप आला की तो अंगावर घ्यायचा, पेशीच्या केंद्रकात जायचे आणि तिथल्या जनुकांना जागे करायचे. आम्ही फार जगत नाही. एक झिजला की त्याच साच्यातून दुसरा घडतो आणि जुन्याचे काम पुढे चालवतो. म्हणून आबांचे सारे आयुष्य मला माझेच वाटते.

मला येणारा निरोप म्हणजे मीठ-पाणी राखा. आबा तरुणपणी वैशाखाच्या झळांत केळीला पाणी देत उभे राहत. घामाने त्यांचा सदरा पाठीवर पांढरा पडे. तेव्हा मूत्रपिंडातले माझे भाऊबंद अंगातले मीठ वाया जाऊ देत नसत. त्या उन्हात आबा कधी कोसळले नाहीत, याचे थोडे श्रेय आमच्या कुळाला आहे.

साठी ओलांडल्यावर आबांना हृदयविकाराचा झटका आला. ते वाचले, पण हृदय थकले. थकलेल्या हृदयातून रक्त कमी पुढे सरकते आणि शरीराला वाटते, पाणीच आटले. मग निरोपांवर निरोप येऊ लागले. आबांच्या पायांवर सूज चढली. इकडे हृदयात मी जागवलेल्या जनुकांमुळे जखम बुजवणारे चिवट धागे विणले जाऊ लागले, जखम बुजल्यावरही. त्या धाग्यांनी हृदय ताठर होते. मला आपणहून थांबता येत नाही, कोणीतरी थांबवावे लागते.

थांबवले ते एका लहानशा गोळीने. निरोपाने बसायची जागा ती अडवून धरी, आणि निरोप आल्या पावली परत जाई. सूज उतरली. आबा पुन्हा बांधावरून फिरू लागले. मात्र या गोळीमुळे रक्तात पोटॅशियम साठते आणि केळ्यात ते भरपूर असते. डॉक्टरांनी बजावले, ही गोळी चालू आहे तोवर केळी खायची नाहीत.

केळीवाल्याला केळी बंद, म्हणून गावभर हसू झाले. शेजारचे निंबा नाना म्हणाले, आता मीठ विकणाऱ्या वाण्यालाही मीठ बंद करून टाका. आबाही हसले. पण त्यांच्या घरची एक रीत होती. केळीच्या कटाईचा पहिला घड ट्रकमध्ये जात नसे. तो घरी पिकवायचा आणि कापणाऱ्या मजुरांबरोबर ओट्यावर बसून घरधन्याने खायचा. धन्याने हात आखडला तर मजुरांनी कसे खावे? त्या वर्षी आबांची कटाई एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात अशी हिवाळाभर चालली, आणि दर मळ्याचा पहिला घड ओट्यावर आला. आबांनी आपल्या मनाने तोड काढली. केळे खाल्ले, त्या दिवशी गोळी घ्यायची नाही.

त्या दिवसांत मी मोकळा सुटे. निरोप येत, मी केंद्रकात जाई आणि धागे विणले जात.

हिवाळा सरता सरता आबांना ओटा चढतानाही दम लागू लागला. जळगावहून त्यांची लेक कामिनी आली. तिने गोळ्यांचे विचारले. आबांनी काहीच लपवले नाही. उलट डॉक्टरांचा शब्द पाळला, सगळे बरोबर आहे, अशा समाधानाने म्हणाले, "केय खादं तं गोयी नई. बठ्ठं बराबर शे."

"आबा, एकदा डॉक्टरांना विचारायचं तरी."

"काय इचारू, बेटा? मन्हाच घरनं केय खाऊ का म्हनू?"

 दुसऱ्या दिवशी कामिनीनेच जाऊन विचारले. डॉक्टर म्हणाले, रक्त तपासत राहू, रीतीपुरता एखादा घास चालेल, पण गोळी चुकवायची नाही. एवढेच होते. पुढच्या कटाईला आबा ओट्यावर बसले, एक घास तोडला आणि उरलेले केळे निंबा नानांच्या हातावर ठेवले. गोळी रोज घेतली. मी शांत राहिलो. पण एकदा विणलेले धागे सहसा उसवत नाहीत.

आज सकाळी बागेच्या बांधावर आबांचे हृदय थांबले. पेशी लगेच विझत नाही, थोडा वेळ तग धरते. त्या वेळात मी हे बोलतो आहे. आता निरोप येत नाही आणि गोळीही येत नाही. कामिनी अजून वाटेत आहे.

मित्रांनो, घरातल्या वडीलधाऱ्यांना गोळी घेतली का, एवढेच विचारून उठू नका. त्या गोळीपायी त्यांचे काय सुटले, तेही जवळ बसून विचारा. ते आपणहून सांगत नाहीत.