भागुबाईची पाटी, जीवनची माळ

मुरुडच्या मासळीबाजारासमोर मी नारळ विकतो. गिऱ्हाईक नसलं की माणसं तोलतो. त्या हिशेबात समोर मासळी विकणाऱ्या भागुबाईचा मुलगा जीवन तसा बावनकशी. शिमग्याला त्याने तुळशीची माळ घातली, दारू सोडली, मासेमारीची बोट सोडली, टमटम चालवायला घेतली. नफा उघड होता. तोटा एवढाच, की तेव्हापासून तो आईच्या हातचं जेवत नव्हता. मासळी विकणाऱ्या हातांचं अन्न आपल्याला चालणार नाही, तिने धंदा सोडला तरच तिच्या घरी पानावर बसेन, असं त्याचं म्हणणं.

परवा तो बाजारातच आला. आईच्या मासळीच्या पाटीपासून लांब उभा राहिला.

"आये, जीव मारून पोट भरायचं, ह्ये तुला पटतं?"

भागुबाईने कोयता खाली ठेवला, हात पुसले, त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझं खोटं न्हाय रं. जीव तो जीवच. पण तुझा बाप दर्यात गेला, तवा ह्याच पाटीनं तुला वाढवला. तिला पाप कसं म्हनू?"

अशा वेळी माणूस आवाज चढवतो. हा दोन पावलं पाटीकडे सरकला. तिथेच माझ्या लेखी त्याचा भाव वाढला.

बांगडे निवडत बसलेली कुलसुमबी म्हणाली, "आमचा नबील दुबईहून आला तो असाच. अम्मी, दर्ग्यावर जाऊ नको, मागायचं ते फक्त अल्लाकडे माग. तो किताबातलं सांगायचा, मी माझी मन्नत सांगायची."

"मग जिंकलं कोण?" मी विचारलं. मला बेरीज लागते.

"कोणी नाय. दर गुरुवारी, जुमेरातीला, मी दर्ग्यात जाते. तो बाहेर माझ्या चपला हातात धरून उभा राहतो."

जीवनने तिच्याकडे पाहिलं. "चपला खाली ठेवल्या तर चालत न्हाय, खाला?"

"चालतं की, बेटा. पण मग त्याला तिथं उभं राहायला निमित्त काय?"

ती बांगडे घेऊन गेली. जीवन गेला नाही.

भागुबाईने खुंटीवरची पिशवी काढली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. "तवा नवा हाय, मासळी लागली न्हाय त्याला. रोज आनते, तू येशील म्हनून. हात मात्र ह्येच."

जीवन त्या हातांकडे बघत राहिला. नखांत खवले होते. त्याने मासळी धुवायच्या बादलीतलं नव्हे, स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं.

"आये, धंदा सोड, हे मी सांगतच राहनार."

"सांग की. जेवता जेवता सांग."

तो उकिडवा बसला. भाकरी मोडून, बिरड्याला लावून त्याने पहिला घास घेतला. भागुबाईने बाटली त्याच्याकडे सरकवली आणि दुसरीकडे बघत राहिली.