तिसऱ्या अंकात तुटायची पोत

मी एक जुनी आणि पूर्णपणे खोटी मंगळपोत आहे. मित्रांनो, परवा शाळेच्या अडगळीत तुम्ही नाटक मंडळाची पत्र्याची पेटी उघडलीत, मला गळ्यात घालून पाहिलंत, हसलात आणि परत टाकून दिलंत. त्याचा मला राग नाही. पण पेटी बंद करण्याआधी माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म धुळ्याच्या बाजारातला. काळे काचमणी, पितळेच्या दोन वाट्या, वर मुलामा. शहात्तर साली पारोळ्याजवळच्या आपल्या गावच्या नाटक मंडळानं मला विकत घेतलं. मंडळाचे प्रमुख चुडामण आबा. त्यांनी दुकानदाराला बजावलं की दोरा कच्चाच घाला, ही तिसऱ्या अंकात तुटायची आहे. पाळण्यातच माझं मरण ठरलं म्हणा ना!

मंडळ दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाटक बसवायचं. नावं बदलायची, बाईची गोष्ट तीच. पहिल्या अंकात लाजायची, दुसऱ्यात सोसायची, तिसऱ्यात तिचा नवरा मरायचा. मग शेजारणी येऊन तिचं कुंकू पुसायच्या आणि हिसडा देऊन मला तोडायच्या. ती हात जोडून म्हणायची, ‘धनी गेले, आता मी कोण?’ या वाक्याला माहेरी आलेल्या लेकी पदरानं डोळे पुसायच्या आणि पुरुष टाळ्या वाजवायचे. माझे मणी तेव्हा पायाखाली घरंगळत असायचे.

ही बाई व्हायचा मंडळातला पंडित नावाचा नट. का, ते ऐका. गावातली एकही सवाष्ण नाटकातसुद्धा कुंकू पुसून घ्यायला तयार नव्हती, कारण ते अशुभ. विधवेनं तर नाटकातसुद्धा मला घालायचं नाही, कारण तेही अशुभ. एकीला मला काढता येईना, दुसरीला घालता येईना. राहिला कोण, तर पंडित! अख्ख्या गावात बाई व्हायला एक पुरुषच लायक ठरला. चौदा वर्षं मी त्याच्या गळ्यात मिरवले. कौतुक पुष्कळ झालं, पण खरं सांगते, त्याच्या घामापलीकडे मला काही कळलं नाही.

पडद्यामागे मात्र एक बाई वही घेऊन बसायची. वच्छलाबाई तिचं नाव. नट अडला की ती हळूच पुढचं वाक्य सांगायची. सातवी शिकलेली, शिवणकाम करणारी. चोविसाव्या वर्षी तिचा नवरा वारला. पडद्यामागे विधवा चालत होती, कारण तिथं ती कोणाला दिसत नव्हती. नाटक संपलं की माझे मणी वेचून तीच मला पुन्हा ओवायची.

नव्वद सालच्या आखाजीआधी पंडित सुरतेला कामाला गेला. मंडळातले नथ्थू आणि मगन शेजारणी व्हायचे, तेही पाच मिनिटांपुरते, पदराआड मिशा लपवून. मिशी उतरवून पूर्ण बाई व्हायला दोघंही राजी नव्हते. आबा म्हणाले, यंदा नाटक रद्द. तेव्हा वच्छलाबाईनं वही मिटली आणि ती बाई मी करते म्हणून सांगितलं.

आबा दुष्ट नव्हते, लोकांना भिणारे होते. ते म्हणाले, “माय, तुन्हा नवरा वारेल शे. गयामा पोत घालशी तं लोके काय म्हनतीन?”

“आबा, पंडितनी चौदा वरीस घाली,” वच्छलाबाई म्हणाली. “त्यान्हा कोनता नवरा व्हता?”

नथ्थू फिसकन हसला, मग मगन, मग आबांनाही हसू आवरेना. एकदा हसल्यावर नाही म्हणणं अवघड जातं. त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. शेवट वहीतल्यासारखाच व्हायला हवा, पोत तुटायला हवी. वच्छलाबाईची सासू भागाबाई हीदेखील विधवाच. ती आठ दिवस सुनेशी बोलली नाही. नवरा गेला त्या दिवशी सुनेची खरी पोत तिनंच हिसकली होती, आणि तिची तिच्या सासूनं.

आदल्या दिवशी वच्छलाबाईनं मला नव्यानं ओवलं. शिवणाचा दोरा चौपदरी केला, मेण लावलं, मागं सुरगाठ मारली. मला वाटलं, हौस असेल.

आखाजीला दिवेलागणीला पडदा उघडला. दोन अंक वहीबरहुकूम झाले. तिसऱ्यात नथ्थू आणि मगन लुगडी नेसून आले, कुंकू पुसलं, हिसडा दिला. मी तुटले नाही. पुन्हा हिसडा दिला. मगनचा पदर सरकून मिशी दिसली आणि माणसं हसली. वच्छलाबाई हसली नाही. तिनं मला मुठीत घट्ट धरलं.

पडद्याआडून आबा सांगत होते, ‘धनी गेले, आता मी कोण?’ दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. ती लोकांकडे वळली आणि वहीतली भाषा सोडून बोलली.

“मी वच्छला शे. तो व्हता तवय बी मी वच्छलाच. हाई तोडाले तुम्ही कोन?”

आबांनी पडद्याची दोरी धरली. तेवढ्यात सगळ्यात मागं, विधवांच्या कोपऱ्यात, भागाबाई उठून उभी राहिली.

“पडदा ऱ्हाऊ द्या, आबा. तिले बोलू द्या.”

वच्छलाबाई सासूकडे पाहत म्हणाली, “माले पोत नको शे. पन काढसू ते मीच.” तिनं दोन बोटांनी सुरगाठ सोडली, खाली उतरून गेली आणि मला भागाबाईच्या तळहातावर ठेवलं. म्हातारीनं मूठ मिटली. टाळी एकही वाजली नाही.

सहा महिने बऱ्याच घरांनी तिच्याकडे कपडे शिवायला दिले नाहीत. ती पारोळ्याच्या बाजारातून काम आणायची. भागाबाईनं मला मंडळाच्या पेटीत परत ठेवलं होतं; पुढं घरोघरी टीव्ही आला, मंडळ मोडलं आणि पेटीसकट मी शाळेच्या अडगळीत पडले. तुटायला जन्मलेली मी, त्या आखाजीपासून अखंडच राहिले.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. माझ्या वाट्या काळ्या पडल्या, पडू द्यात. पण उद्या तुमच्या घरात कोणाचा नवरा जाईल आणि चार हात तिच्या गळ्याकडे वळतील. तेव्हा मध्ये उभे राहा. ठेवायची की काढायची, ते तिला ठरवू द्या.

आता हवं तर मला दोन्ही हातांनी ओढून पाहा. दोरा वच्छलाबाईचाच आहे.