चाफा कशाने पिवळा पडला?

मित्रांनो, माझे झाकण उघडण्याआधीच बहुतेक माणसे नाक मुरडतात. मुरडू देत. खारघरमधल्या एका सोसायटीच्या बागेत, भिंतीला टेकून उभा असलेला मी जुना निळा ड्रम. माझ्या पोटात ओल्या कचऱ्याचे खत होते.

तरुणपणी मी बिस्किटांसाठी लागणारा साखरेचा पाक वाहिला. उरणच्या गोदामात आम्ही ड्रम रांगेने उभे असायचो आणि मुंग्या आमच्याभोवती फेर धरायच्या. पुढे माझ्या काठाला तडा गेला आणि मी भंगारात आलो. तिथून मला क्षिप्राने आणले. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, कॉलेजात शिकवते. तिने मला घासूनपुसून धुतले, हवेसाठी अंगाला भोके पाडली, तयार खत काढायला बुडाशी एक छोटे दार केले. मग भाजीची देठे, फळांच्या साली आणि वाळका पाला यांचे थर माझ्यात पडू लागले.

सोसायटीला मात्र मी पहिल्यापासून खटकलो. निळा ड्रम म्हणजे केमिकलचाच, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. पार्किंगमध्ये उंदीर दिसला, माझ्यामुळे. लिफ्टमध्ये वास आला, माझ्यामुळे. कोणाला शिंक आली तरी माझ्याच नावाने खडे!

सर्वांत कडक नजर होती तळमजल्यावरच्या गिरजाबाईंची. उरणकडचे त्यांचे घर नव्या रस्त्यात गेले, तेव्हा अंगणातल्या सोनचाफ्याचे कलम त्या छातीशी धरून मुलाकडे राहायला आल्या होत्या. ते त्यांनी माझ्या शेजारच्या वाफ्यात लावले. आख्ख्या गावातले तेवढेच आता त्यांच्याजवळ उरले होते.

क्षिप्राने चांगल्या मनाने त्या चाफ्याला माझे खत घातले. आणि चाफा पिवळा पडू लागला.

"पोरी, या डरमात आधी काय होतं, तुला म्हाईत हाय?" गिरजाबाईंनी तिला बागेतच गाठले.

"साखरेचा पाक होता, काकी. भंगारवाला बोलला ना."

"आनि त्याला कोनी सांगितलं?"

क्षिप्रा रागाने निघून गेली. उत्तर माझ्याकडे होते, पण ड्रमचे कोण ऐकतो? त्या दिवसापासून दोघी एकमेकींना पाहून वाट बदलू लागल्या.

मग माझ्याच मनात पाल चुकचुकली. ऐन दुपारी बाग रिकामी असताना चपलांचा दबका आवाज येई. बुडाचे दार किलकिले होई. कोणाचा तरी हात आत येऊन चाचपे आणि निघून जाई. बुडाशी मला डोळे नाहीत. हा चोर होता की वैरी? माझ्यात फिनेल तर ओतत नव्हता? मला मुंगी चढली तरी दचकायला होई.

एकदा ते दार उघडे राहिलेले क्षिप्राने पाहिले. ती तडक सेक्रेटरी दिनानाथकाकांकडे गेली. "काका, गिरजाकाकीच यात काहीतरी टाकतात, मला शंभर टक्के डाउट आहे."

दिनानाथकाकांना दोघींची कटकट नकोशी झाली होती. "टेन्शनच नको. ड्रमच भंगारात देऊन टाकू. रविवारी सगळ्यांसमोर ठरवू."

रविवारी सगळे माझ्याभोवती जमले. मला उचलायचे जवळजवळ ठरलेच होते. तेवढ्यात पदराखाली काहीतरी झाकून गिरजाबाई आल्या. पुरावा म्हणून चाफ्याची मेलेली पाने आणली असणार, असेच सगळ्यांना वाटले. मलाही.

त्यांनी पदर सारला. एका जुन्या टोपात हिरवीगार मेथी तरारली होती.

"दुपारचं यातलं खत मीच न्यायची," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, यात इख हाय. मेथी पेरीन, ती मरंल, आनि तुमाला दाखवीन. पन ती मेली नाय." मग त्या क्षिप्राकडे वळल्या. "तुला उगाच बोल लावला, पोरी."

क्षिप्राचा चेहरा उतरला. "मीही तुमच्याबद्दल नाही नाही ते बोलले, काकी."

"मग चाफा कशाने मरतोय?" दिनानाथकाकांचा संशय अजून फिटला नव्हता.

"खनून बघू की!"

कुदळ आली. कलमाच्या खड्ड्याच्या जरा खाली जाताच खण्ण आवाज झाला. फुटक्या लाद्या, घट्ट झालेले सिमेंट, प्लास्टिकच्या गोण्या! इमारत बांधताना उरलेला राडारोडा, म्हणजे राबिट, बिल्डरने तिथेच पुरून वर लाल मातीचा पातळ थर पसरला होता. पाण्याला वाट नव्हती. चाफ्याची मुळे कुजत होती.

दुपारपर्यंत सगळ्यांनी मिळून राबिट उपसले. चांगली माती, पाला आणि माझे खत कालवून खड्डा भरला. वर वाळक्या पानांचे पांघरूण घातले, आणि वाफा तुडवायचा नाही असे सगळ्यांना बजावले.

चाफ्याने आधी उरलीसुरली पाने टाकली. गिरजाबाई रोज सकाळी नखाने खोडाची साल हळूच खरवडून बघत. आत हिरवे दिसले की गप्प घरी जात. एक दिवस मात्र त्या खालूनच ओरडल्या, "क्षिप्रा, खाली ये! कोंब आला!" ती पायात चप्पल न घालता धावत आली.

आता माझ्या काठाची चीर वाढली आहे. मी फार दिवस टिकणार नाही. तरी मित्रांनो, एक मागणे आहे. पाला जाळू नका, तो मातीला द्या. मुळांना श्वास घेऊ द्या. आणि संशय आला तर जरूर घ्या. फक्त झाड पिवळे दिसले की लगेच कोणाकडे बोट दाखवू नका. ते बोट आधी मातीत खुपसून बघा.